खोलीची किल्ली

तो नंबर माझ्या फोनमध्ये साडेतीन महिने पडून होता, 'शिलाई क्लास' या नावानं. कुणी चुकून फोन हातात घेतला तर कळू नये म्हणून. तसं घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मी पिते हे लपवण्यासारखं राहिलंच नव्हतं. लपवत होते ते एवढंच, की मदत मागायचा विचार माझ्या मनात येऊन गेलाय. मागितली आणि तरीही जमलं नाही, तर मग कुठं तोंड दाखवायचं? त्यापेक्षा न मागता बुडालेलं बरं, असं तेव्हा मला अगदी मनापासून वाटायचं.

या लेखावर माझं नाव नाही, त्याचं कारण मात्र लाज नाही. मी ज्या गटात जाते त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे सगळे ज्याला नुसतं 'एए' म्हणतात त्याची, तशी परंपरा आहे. घरात, मित्रमंडळींत हवं तर सांगा, पण छापील किंवा जाहीर माध्यमात सभासदानं आपली ओळख द्यायची नाही. मला ते पटतं. उद्या मी पुन्हा घसरले, तर माझ्याकडे बघून कुणी 'या गटांचा काही उपयोग नसतो' असं म्हणत घरी बसू नये. वय चाळिशीच्या पुढचं, काम हिशेबाचं, एक मुलगी, आणि शेवटचा घोट घेऊन दोन वर्षं चार महिने झालेले. एवढी ओळख पुरे.

पिण्याची सुरुवात कशी झाली हे फारसं सांगण्यासारखं नाही. पुष्कळांची होते तशीच झाली. एक संध्याकाळ मात्र सांगायला हवी. लेकीला क्लासहून आणायला गेले होते. पिऊनच गेले होते. परतताना गाडी आमच्याच फाटकाच्या खांबाला घासली. वेग काहीच नव्हता, तिला खरचटलंसुद्धा नाही. मागच्या सीटवरून ती फक्त म्हणाली, "आई, थांबव ना." नवरा बाहेर आला. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर मी भांडलेही असते. त्यानं माझी बोटं एकेक करून उघडली आणि किल्ली काढून घेतली. मी ती इतकी घट्ट धरली होती की तिचे दाते तळहातावर उमटले होते. रात्री झोपेपर्यंत ते दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटल्या मोरीत ओतल्या आणि कुणालाही न विचारता पिणं बंद केलं. हे चुकलं. संध्याकाळपर्यंत हात थरथरायला लागले, कपडे घामानं भिजले, आणि दुसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग चालताना दिसायला लागली. लेक म्हणाली, "आई, तिथं काही नाहीये." नवऱ्यानं तसंच उचलून हॉस्पिटलात नेलं. तिथं डॉक्टरांनी जे समजावलं ते मला आधी कुणी तरी सांगायला हवं होतं, म्हणून इथं लिहिते. दारू मेंदूला मंदावते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या ओझ्याविरुद्ध जोर लावून चालायला शिकलेला असतो. ओझं एकदम काढलं की जोर तेवढाच राहतो आणि सगळं शरीर उसळून उठतं. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, ताप, बरळणं सुरू झालं तर ते जिवावर बेतू शकतं. अशा माणसानं निश्चयाच्या भरात एकट्यानं बंद करायची नसते, आधी डॉक्टर गाठायचे असतात. ते औषधांच्या आधारानं हे दिवस पार करून देतात. बी1 जीवनसत्त्वही देतात, कारण फार पिणाऱ्यांत त्याची कमतरता होते आणि त्यातून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. घरच्यांनीही "एवढं वाटतं तर आजपासून सोडून दाखव" असं आव्हान कृपा करून देऊ नये.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "अंगातली दारू गेली. आता एकट्या राहू नका, गटात जा." आणि चिठ्ठीवर औषधांच्या खाली तो नंबर लिहिला.

एक्केचाळीस दिवस कोरडे गेले. बेचाळिसाव्या दिवशी प्यायले. त्यानंतरच्या दिवसांचं मला नीट काही सांगता येणार नाही. एका दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभी राहिले आणि 'शिलाई क्लास'ला फोन लावला.

"आज घेतलीय का?" पलीकडून पुरुषाचा आवाज, वयस्कर. डॉक्टर ताप आहे का विचारतात तसा. मी हो म्हणाले. "बरं. मग आज काही ठरवायचं नाही. नुसतं बोलू या." आणि त्यांनी स्वतःचंच सांगायला सुरुवात केली. पाण्याच्या टाकीत लपवलेल्या बाटल्या, मुलाच्या फीचे उडवलेले पैसे, भावाच्या लग्नात केलेला तमाशा. मी उपदेशाची तयारी ठेवली होती, 'तुम्हाला काय माहीत' हे उत्तरही तयार होतं. ते वापरायची वेळच आली नाही, कारण त्यांना माहीत होतं. फोन ठेवताना म्हणाले, "आधी डॉक्टरांना भेटून घ्या. मग या. आमच्या एक ताई खाली थांबतील. तुम्ही आलात तर आम्हालाही बरं पडेल." हे शेवटचं वाक्य मला सौजन्याचं वाटलं. त्याचा अर्थ कळायला बरेच महिने गेले.

डॉक्टरांना भेटले, पण ताईंना नाही. घराजवळचा एक गट यादीत शोधून काढला आणि कुणाला न कळवता एकटीच तिथं गेले. अकरा पुरुष होते. बहुतेकांनी नीट वागवलं, एकानं मात्र, कदाचित काही मनात न ठेवता, विचारलं, "बाई असून?" त्या दोन शब्दांनी मी उठले. तो गट वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी तो माझा नव्हता. तीन आठवडे कुठंच गेले नाही. त्या तीन आठवड्यांत काहीही होऊ शकलं असतं, आणि एका वाईट मीटिंगवरून सगळ्या गटांचा निकाल लावून घरी बसलेली माणसं मला नंतर पुष्कळ भेटली. त्यांना मी एवढंच सांगते, दोन-चार वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन बघा. बायकांच्या वेगळ्या मीटिंगा असतात, ऑनलाइन असतात. 'ओपन' मीटिंगला कुणीही येऊ शकतं, घरचेसुद्धा. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त ज्यांना पिण्याचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी. नावनोंदणी नाही, फी नाही. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवण्याची इच्छा. थांबलेलं असणं ही अट नाही. मला हे आधी कळलं असतं तर तो नंबर इतके दिवस पडून राहिला नसता. आधी थोडं सुधारून मग जाऊ, असं मी ठरवत बसले होते.

'बाई असून' बद्दल थोडं. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या पुरुषाइतकीच दारू घेतली तरी रक्तात ती जास्त चढते, आणि यकृताचं नुकसानही कमी वर्षांत होतं. म्हणजे जिला मदत लवकर मिळायला हवी तिलाच विचारायची लाज जास्त. एएमध्ये 1939 साली आलेली मार्टी मान ही तिथं टिकलेल्या अगदी पहिल्या बायकांपैकी एक. पुढं तिनं आयुष्यभर एकच गोष्ट लोकांना सांगितली, की हा आजार आहे आणि यावर इलाज होऊ शकतो. तिचं नाव मला ताईंनी सांगितलं. पुरुषांनी भरलेल्या खोलीत ती एकटी शिरली असेल, तो क्षण मी खूपदा डोळ्यांपुढं आणलाय.

ताई खरंच खाली थांबल्या होत्या. त्यांना तीन आठवड्यांनी फोन केला, तरी उशीर का झाला हे त्यांनी विचारलं नाही. शाळेचा जिना होता. संध्याकाळी रिकामा होणारा वर्ग भाड्यानं घेतलेला, लहान मुलांचे बुटके बाक, गुडघे वर येतील असे. फळ्यावर कोपऱ्यात चौकट करून दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ लिहिलेला होता आणि त्याखाली 'पुसू नये'. मी पूर्ण वेळ त्या दोन शब्दांकडे बघत होते, कारण माणसांकडे बघायचं धाडस नव्हतं. कुणी तरी पाण्याचा ग्लास आणून दिला. तो अर्धाच भरलेला होता. मला ते जरा लागलं. मग ग्लास उचलला आणि कळलं. हात एवढे कापत होते की भरलेला असता तर निम्मं पाणी ओढणीवर सांडलं असतं, सगळ्यांसमोर. देणाऱ्याला ते आधीच ठाऊक होतं. त्या खोलीत मला पहिल्यांदा जे समजलं ते त्या ग्लासमुळे. बोललेलं त्यानंतर ऐकू यायला लागलं.

मीटिंग कशी असते असं लोक विचारतात. बघायला गेलं तर साधी असते. प्रार्थना, थोडं वाचन, मग एकेक जण आपलं नाव सांगून बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही. बोलून झालं की त्यावर मत देत नाहीत, सल्ला देत नाहीत, पुढचा माणूस स्वतःचं सांगतो. माझं सगळं आयुष्य तपासण्याच्या धंद्यात गेलंय. समोर कागद आला की चूक शोधायची, हीच सवय. कुणी तरी आपल्या चुका मांडतोय आणि दहा माणसं त्या नुसत्या ऐकतायत, खाली कुणी लाल रेघ ओढत नाहीये, हे मी तोवर कुठं पाहिलंच नव्हतं. शेवटी एक डबा फिरला. ज्याला जमेल त्यानं टाकायचं, नवख्यानं टाकायची गरज नाही. खोलीचं भाडं त्यातूनच जातं. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत, कितीही मोठी असली तरी.

एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे पिणं सोडून सावरायच्या तिथल्या कार्यक्रमात, देवाचा उल्लेख येतो, त्यावर मी अडले होते. 'आपल्याला जसा उमगेल तसा' ही सूट तिथंच लिहिलेली आहे, आणि आमच्यातल्या एका गृहस्थांनी वीस वर्षं हा गट हीच आपल्याहून मोठी शक्ती मानून काढली. मीही तेच धरलं. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी दुसरे गट आहेत. विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतीवर चालणारं स्मार्ट रिकव्हरी आहे, आणि बायकांसाठीचं, 1975 साली सुरू झालेलं विमेन फॉर सोब्रायटी आहे. माझा हट्ट एएचा नाही. माणसांत जाण्याचा आहे.

हिशेबाची माणसं आकडा मागतात, मीही मागितला. 2020 साली कॉक्रनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात 27 अभ्यास आणि 10,565 माणसं होती. रुग्णाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार घेतलेल्यांत वर्षभर अजिबात न प्यायलेले शंभरात साधारण 42 होते. इतर मानसोपचार घेतलेल्यांत 35. मला या आकड्यांनी धीर दिला. पण त्याच आकड्यांत हेही आहे, की निम्म्याहून जास्त माणसं वर्षभर सलग कोरडी राहू शकली नाहीत. पुन्हा पिणं झालं म्हणजे सगळं संपलं असं समजू नका, हे मी आकड्यांच्या आधारानंही सांगू शकते आणि अनुभवानंही. कारण सातव्या आठवड्यात मी प्यायले.

परत जायची हिंमत ताईंमुळे झाली. वर्गात शिरले तर एका काकांनी बाकावर सरकून जागा केली. बस्स, तेवढंच. बोलायची पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "आज माझा पहिला दिवस." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या वेळी त्या टाळ्यांचा रागच आला होता. आता नवखा माणूस तेच वाक्य म्हणतो तेव्हा माझे हात आपोआप उठतात.

गटात सगळंच चांगलं असतं असं मला भासवायचं नाही. एका जुन्या सभासदानं मला नैराश्याच्या गोळ्या बंद करायला सांगितलं होतं, "त्याही नशेच्याच" असं म्हणून. मी दोन दिवस बंद केल्याही. ताईंना कळलं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं बघितलं. एएची स्वतःची भूमिकाच अशी आहे की कुणा सभासदानं डॉक्टर बनू नये. दारूची ओढ कमी करणारी औषधंही आहेत, नालट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेणारे आमच्या गटातही आहेत आणि ते कुणापेक्षा कमी सोबर नाहीत. औषधाच्या बाबतीत गटातल्या कुणाचंही ऐकू नका, माझंसुद्धा.

मग एका संध्याकाळी कुणी तरी एएची सुरुवात कशी झाली ते सांगितलं, आणि फोनवरचं ते शेवटचं वाक्य मला उलगडलं. 1935 सालचा मे महिना. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी ॲक्रन या गावी आलेला. पिणं सुटून जेमतेम पाच महिने. काम फसलं, परक्या गावात हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, आणि बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येतायत. त्या पाच महिन्यांत त्यानं कितीतरी दारुड्यांना सोडवायची धडपड केली होती आणि त्यातला एकही सुटला नव्हता. पण त्या धडपडीत तो स्वतः प्यायला नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यानं लॉबीतल्या फोनवरून चर्चच्या पाद्र्यांना फोन लावायला सुरुवात केली. त्याला आत्ताच्या आत्ता एक दारुडा हवा होता, बोलायला. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, सहा तासांहून जास्त बसले. डॉक्टरांचा शेवटचा घोट 10 जून 1935 चा, आणि तोच एएचा स्थापनादिवस मानतात.

म्हणजे तो उपकार करायला गेलाच नव्हता. त्याला स्वतःला वाचायचं होतं. 'तुम्ही आलात तर आम्हालाही बरं पडेल' हे फोनवरच्या काकांनी अक्षरशः खरं सांगितलं होतं. कितीतरी वर्षांत माझ्या असण्याचा कुणाला उपयोग होईल असं मला कुणी म्हणालं नव्हतं. म्हणणार तरी कशावर? घरात मी म्हणजे सांभाळायची, लक्ष ठेवायची, किल्ल्या लपवायची गोष्ट झाले होते. आणि इथं कापत्या हातांची, तोंडाला वास येणारी बाई नुसती येऊन बसली तरी चालणार होतं. हवीच होती.

घरच्यांसाठी वेगळे गट असतात, अल-अनॉन नावाचे. बिलची बायको लोईस हिनं एका मैत्रिणीसोबत 1951 मध्ये त्याची सुरुवात केली. माझा नवरा आधी "मला कशाला? पिते ती" असं म्हणायचा. मग जायला लागला. तिथं तो काय बोलतो मी विचारत नाही. पण माझी पर्स तपासणं त्यानं सोडलं, हे मला दिसलं. लेक अजून सावध आहे. शाळेतून आली की दप्तर खांद्यावरून काढायच्या आधी माझ्या डोळ्यांकडे बघते. क्षणभरच. मी ते बघणं चुकवत नाही. तिला हवं तितके दिवस तिनं बघावं.

सातव्या आठवड्यानंतर मोजलेला चौथा महिना संपला तेव्हा काकांनी मला खोलीची किल्ली दिली. दर गुरुवारी अर्धा तास आधी जायचं, दार उघडायचं, बाक ओढून गोल करायचा, ग्लास धुऊन ठेवायचे, आणि निघताना बाक होते तसे लावायचे. फळ्यावरचा गृहपाठ पुसायचा नाही. एवढं काम. साध्या दोऱ्यात ओवलेली पितळी किल्ली होती. मी ती तळहातावर घेतली आणि मला बोलता येईना. काकांनी विचारलं, "जमेल ना?" गाडीची किल्ली तेव्हा अजून नवऱ्याकडेच होती.

मागच्या पावसाळ्यातला एक गुरुवार. ऑफिसात माझ्या हातून मोठी चूक झाली होती, घरी येऊन त्यावरून बोलाचाली झाली, आणि दोन वर्षांत झाली नव्हती एवढी तीव्र इच्छा झाली. ताईंचा फोन लागत नव्हता. पाऊस असा की कुणी येणार नाही हे उघड होतं. त्या दिवशी मला गटात जायची इच्छा अजिबात नव्हती. कुणाशी बोलायचं नव्हतं, काही ऐकायचं नव्हतं. पण किल्ली माझ्याकडे होती. मी गेले नाही आणि एखादा माणूस आलाच, तर तो बंद दारासमोर उभा राहील आणि परत जाईल. कुठं जाईल ते मला माहीत होतं.

दार उघडलं, दिवा लावला. बाक ओढले नाहीत, ओले कपडे घेऊन तशीच बसून राहिले. सात वाजून गेले. सव्वासातला जिन्यात छत्री झटकल्याचा आवाज आला आणि काका वर आले, गुडघे दुखतात म्हणून एकेक पायरी थांबत. इकडं तिकडं बघितलं.

"आपण दोघंच?"

"दोघंच."

"पुरेत," ते म्हणाले आणि समोरच्या बुटक्या बाकावर कसेबसे बसले. मी उठून दोन ग्लास भरले. त्यांनी प्रार्थना म्हटली, मी वाचन केलं. मग ते हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत थांबले आणि मी माझं नाव सांगितलं.